बीमएनजी ड्राइव्हचा छोटा अपडेट नेमके काय बदलतो?

बीमएनजी ड्राइव्ह या संगणकावरच्या मोटारींच्या खेळाच्या मोठ्या अपडेटची चर्चा आपोआप होते, कारण त्यात नवी गाडी असते, नवा नकाशा असतो, डोळ्यांना दिसण्यासारखे काहीतरी असते. त्यानंतर येणारा छोटा अपडेट मात्र बहुतेक जण न वाचताच उतरवून घेतात. आवृत्तीच्या क्रमांकात शेवटचा आकडा वाढतो, ०.३४ चे ०.३४.१ होते, आणि बदलांच्या यादीत साधारण अशा ओळी असतात: अमुक गाडीच्या पुढच्या बंपरची अस्थिरता कमी केली, मागच्या आर्मच्या नोडचे वजन बदलले, दाराचे कोलिजन ट्रँगल दुरुस्त केले, पुढच्या अँटी-रोल बारचा ताठपणा कमी केला. खेळणाऱ्याला वाटते की यात आपल्यासाठी काही नाही. माझ्या मते या खेळाचे मर्म याच ओळींत आहे. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीत बीड ओतणारे, शाफ्ट घडवणारे आणि ट्रॉलीचे पाटे बदलणारे इतके लोक असताना, निदान कोल्हापूरच्या वाचकाला तरी हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

बीमएनजी ही जर्मनीतील ब्रेमेन शहरातली कंपनी आहे. तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी काही जण त्याआधी रिग्ज ऑफ रॉड्स या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करत होते आणि वाकणाऱ्या गाडीची मूळ कल्पना तिथूनच त्यांच्याबरोबर आली. बीमएनजी ड्राइव्हची पहिली सार्वजनिक आवृत्ती ऑगस्ट २०१३ मध्ये आली आणि मे २०१५ मध्ये हा खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर अर्ली ॲक्सेस स्वरूपात, म्हणजे अपूर्ण असतानाच लोकांच्या हाती देऊन पुढे सुधारत नेण्याच्या बोलीवर, उपलब्ध झाला. ही सुधारणा अजून चालू आहे, आणि छोटे अपडेट हे तिचे रोजचे काम आहे.

गाडी कशाची बनलेली असते

मोटारींच्या बहुतेक खेळांत गाडी हा एक अखंड, न वाकणारा ठोकळा असतो. त्याला चार चाके जोडलेली असतात, आणि धडक बसली की आधीच तयार करून ठेवलेले चेपलेले बंपर किंवा तुटलेली काच मूळ भागाच्या जागी दाखवली जाते. बीमएनजीमध्ये गाडीचे चेपणे-वाकणे असे आधी तयार केलेले नसते. तिथे गाडी म्हणजे काही शे बिंदू आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे काही हजार दुवे. बिंदूंना नोड म्हणतात आणि दुव्यांना बीम. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवाचा बांबूचा सांगाडा उभा राहतो तेव्हा जिथे दोरीने गाठ मारलेली असते तो नोड आणि दोन गाठींमधला बांबू म्हणजे बीम, असे समजले तर चित्र डोळ्यांपुढे उभे राहील. आपल्याला पडद्यावर दिसणारा गाडीचा चकचकीत पत्रा हा या सांगाड्यावर ताणलेल्या कापडासारखा असतो. सांगाडा जसा हलेल तसे ते कापड हलते.

नोडकडे वजन असते, जागा असते आणि वेग असतो, एवढेच. सगळा स्वभाव बीममध्ये असतो. बीमचे मुख्य गुण चार आहेत. पहिला ताठपणा, म्हणजे बीम एक मीटर ताणायचा किंवा दाबायचा झाल्यास किती न्यूटन बल लागेल ते. दुसरा अवमंदन, म्हणजे स्प्रिंगसारखी सुरू झालेली थरथर किती लवकर शमेल ते. गाडीत हे काम शॉकॲब्सॉर्बर करतो. तिसरा गुण म्हणजे बल किती वाढल्यावर बीम कायमचा वाकेल आणि मूळ लांबीवर परत येणार नाही, ती मर्यादा. चौथा म्हणजे किती बलाला तो तुटेल, ती मर्यादा. यांपैकी पहिला गुण म्हणजे शाळेत शिकवला जाणारा हूकचा नियम होय. नोडवर येणारी सगळी बले एकत्र करून, त्यांना वजनाने भागून प्रवेग काढणे हा न्यूटनचा दुसरा नियम. खेळाच्या गाभ्यात याहून गूढ असे काही नाही. अवघड आहे ते हे सगळे पुरेशा वेगाने आणि न कोसळता करणे.

तिसऱ्या आणि चौथ्या गुणाचे नाते फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. साधे बीड, म्हणजे ग्रे आयर्न, वाकत नाही. मर्यादा ओलांडली की तडकते. एसजी आयर्न त्याच भट्टीतून येते, पण त्यातील ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोलकांच्या रूपात असल्यामुळे ते तुटण्याआधी बऱ्यापैकी वाकते. बॉडीचा पत्रा त्याहूनही अधिक वाकतो. खेळात हा फरक धातूचे नाव देऊन सांगितलेला नसतो. तो दोन आकड्यांमधल्या अंतरात असतो. वाकण्याची आणि तुटण्याची मर्यादा जवळजवळ ठेवली तर तो भाग बिडासारखा वागतो, त्या दोघींत मोठे अंतर ठेवले तर पत्र्यासारखा. म्हणूनच एखाद्या छोट्या अपडेटमध्ये पुढच्या सबफ्रेमची, म्हणजे इंजिन आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीची, वाकण्याची मर्यादा थोडी बदलली एवढेच लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ पुढच्या धडकेत इंजिन मागे सरकेल की जागेवर राहील, चाक तिरके होऊन गाडी ओढत राहील की बॉलजॉइंट सुटून चाकच निखळेल, इतका मोठा असू शकतो.

लवचिक गाडीचा फायदा फक्त धडकेतच दिसतो असे समजू नये. कोल्हापूर परिसरात गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तिथल्या गाड्या जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असते की रेसिंग कार्टला स्प्रिंगचे सस्पेन्शन नसते आणि मागच्या ॲक्सलला दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. अशी गाडी वळते कशी, तर स्टिअरिंग फिरवल्यावर नळ्यांची चॅसी पिळवटते आणि मागचे आतल्या बाजूचे चाक किंचित उचलले जाते. ते उचलले गेले नाही तर दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरत राहून गाडीला सरळ ढकलतात. न वाकणाऱ्या ठोकळ्याच्या खेळात हे वर्तन वरून वेगळे सूत्र लावून आणावे लागते. नोड आणि बीम यांच्या गाडीत मात्र चॅसीला योग्य ताठपणा दिला की ते आपोआप घडते, आणि चुकीचा दिला की आपोआप बिघडते.

एका सेकंदाचे दोन हजार तुकडे

संगणकाला अखंड काळ कळत नाही. तो काळाचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात प्रत्येक बीमवरचे बल काढून प्रत्येक नोड थोडा पुढे सरकवतो. बीमएनजी हे काम सेकंदाला २००० वेळा करते, म्हणजे एक तुकडा अर्ध्या मिलिसेकंदाचा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे दिसत असतील तर दोन चित्रांच्या मध्ये सुमारे ३३ वेळा हिशेब होऊन गेलेला असतो.

इतकी घाई कशासाठी, हे एका उदाहरणाने पाहू. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर जाते. हिशेब सेकंदाला ६० वेळाच केला, तर दोन हिशेबांच्या मध्ये गाडी ३३ सेंटिमीटर पुढे गेलेली असेल. रस्त्याकडेचा विजेचा खांब २० सेंटिमीटर जाडीचा असेल, तर बंपरचा नोड एका हिशेबात खांबाच्या अलीकडे आणि पुढच्या हिशेबात पलीकडे असू शकतो. मधल्या मध्ये खांब होता हे संगणकाला कळणारच नाही. सेकंदाला २००० हिशेब केले की हेच अंतर एक सेंटिमीटरवर येते. शिवाय धडक हा प्रकार क्षणभराचा असतो. ती सेकंदाच्या दहाव्या भागात संपते असे धरले, तर पहिल्या पद्धतीत तिच्या वाट्याला सहा हिशेब येतात आणि दुसऱ्या पद्धतीत २००.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. एका गाडीत ४००० बीम आहेत असे धरले, तर फक्त बीमचा हिशेब सेकंदाला ८० लाख वेळा करावा लागतो. त्यात टायर, इंजिन, गिअरबॉक्स आणि धडकेची तपासणी वेगळी. म्हणून या खेळात प्रत्येक गाडीचे भौतिकशास्त्र प्रोसेसरच्या स्वतंत्र धाग्यावर चालवले जाते, आणि रस्त्यावर गाड्या वाढवायच्या असतील तर ग्राफिक्स कार्डाइतकेच प्रोसेसरच्या कोअरच्या संख्येकडेही पाहावे लागते. छोट्या अपडेटमध्ये कामगिरी सुधारली असे लिहिलेले असते तेव्हा या लाखो हिशेबांपैकी काही वाचवलेले असतात किंवा त्यांची मांडणी प्रोसेसरला सोयीची केलेली असते.

अस्थिरता म्हणजे काय

बदलांच्या यादीत वारंवार भेटणारा अस्थिरता हा शब्द या सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्यावर जरा थांबावेसे वाटते.

काळाचे तुकडे करून हिशेब करण्यात एक मूलभूत धोका आहे. समजा एक नोड ताठ बीमला जोडलेला आहे आणि तो किंचित जागेवरून सरकला. बीम त्याला मागे ओढतो. बीम फार ताठ असेल आणि नोड फार हलका असेल, तर अर्ध्या मिलिसेकंदात तो नोड मूळ जागेवर येऊन थांबण्याऐवजी पलीकडे, आणि आधीपेक्षाही लांब, फेकला जातो. पुढच्या तुकड्यात बीम त्याला आणखी जोराने उलट्या दिशेला ओढतो. प्रत्येक तुकड्याला हे अंतर वाढत जाते आणि काही क्षणांत गाडीचा एखादा भाग थरथरू लागतो, सुळ्यासारखा आकाशात ताणला जातो किंवा सगळी गाडी फुटून विखुरते. खेळणाऱ्यांनी उभी गाडी विनाकारण फुटताना पाहिली असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. कोणतेही बाहेरचे बल लागत नाही; हिशेबाची पद्धतच ऊर्जा निर्माण करू लागते.

याची मर्यादा गणिताने नेमकी काढता येते. एक टोक पक्के असलेल्या बीमच्या दुसऱ्या टोकाला नोड असेल, तर बीमचा ताठपणा हा नोडच्या वजनाच्या चौपटीला काळाच्या तुकड्याच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असला पाहिजे. एक किलोचा नोड आणि अर्धा मिलिसेकंद धरला तर ही मर्यादा मीटरला १ कोटी ६० लाख न्यूटन येते. अर्ध्या किलोच्या नोडला ती ८० लाखांवर घसरते. एका नोडला अनेक बीम जोडलेले असतात आणि त्यांची दुसरी टोकेही मोकळी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात एकेका बीमच्या वाट्याला याहून बरेच कमी येते.

आता खऱ्या लोखंडाकडे पाहू. अर्धा मीटर लांबीची आणि एक चौरस सेंटिमीटर छेदाची पोलादी सळई घ्या. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो, त्यावरून या सळईचा ताठपणा मीटरला ४ कोटी न्यूटन निघतो. तिचे वजन मात्र ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे खऱ्या सळईचा ताठपणा आणि खऱ्या सळईचे वजन हे दोन्ही एकाच वेळी या खेळात घालताच येत नाहीत. घातले तर गाडी फुटेल.

हे एकदा ध्यानात आले की छोट्या अपडेटकडे पाहण्याची नजर बदलते. गाडी बांधणाऱ्यासमोर प्रत्येक भागासाठी हाच पेच असतो. ताठपणा कमी करावा तर चाक धरून ठेवणारा आर्म रबरासारखा लवेल आणि ब्रेक मारताना चाकाचा कोन बदलेल. वजन वाढवावे तर चाकाजवळचे, स्प्रिंगने न पेललेले वजन वाढून खड्ड्यांतून जाताना सस्पेन्शन सुस्त होईल, आणि एकूण गाडीचे वजन कागदावरच्या वजनाशी जुळावे म्हणून ते दुसरीकडून कमी करावे लागेल. अवमंदन वाढवून थरथर दाबावी म्हटले तर त्याचीही अशीच एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की अवमंदनच अस्थिरता आणते. त्यामुळे आर्मच्या नोडचे वजन बदलले ही ओळ म्हणजे कुणीतरी बसून हा पेच आधीपेक्षा थोडा अधिक चांगला सोडवला आहे. यात मला खऱ्या कारागिरीचा आदर वाटतो, कारण हे काम झाल्यावर दिसत नाही. न झाले तरच दिसते.

मोटार कंपन्यांच्या धडक-चाचण्यांच्या संगणकीय पद्धतीलाही हाच नियम लागू आहे. तिथे गाडीचे लाखो लहान घटक पाडतात आणि काळाचा तुकडा साधारण एक मायक्रोसेकंदाचा, म्हणजे बीमएनजीच्या पाचशेव्या भागाचा असतो. घटक जितका लहान तितका तुकडाही लहान घ्यावा लागतो, आणि त्यामागचे तत्त्व कूरांट, फ्रिड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच मांडले होते. त्या पद्धतीत सेकंदाच्या दहाव्या भागाची धडक पाहायला अनेक प्रोसेसर कित्येक तास राबतात. बीमएनजीला ती तुमच्या डोळ्यांसमोर, घडत असतानाच दाखवायची असते. म्हणून तिला अचूकतेशी तडजोड करावी लागते, आणि ती तडजोड कुठे करायची हे एकेका गाडीत हाताने ठरवावे लागते. काळाचा तुकडा अर्धा केला तर ताठपणाची मर्यादा चौपट होईल हे खरे, पण हिशेब दुप्पट होतील आणि आज चालणारे कितीतरी संगणक खेळाबाहेर जातील.

टायर, अँटी-रोल बार आणि उसाची ट्रॉली

टायरच्या बाबतीत लहान बदलाचा परिणाम सर्वांत आधी हाताला जाणवतो. या खेळात टायरसुद्धा नोड आणि बीम यांचाच असतो आणि त्यात हवेचा दाब असतो, त्यामुळे हवा कमी केली की टायर खरोखर पसरतो. त्याच्या पकडीबद्दल एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात नाही. थोडी कमीच वाढते. समजा पुढच्या दोन टायरवर प्रत्येकी ३०० किलोचा भार आहे आणि घर्षणांक १ आहे, तर एकूण पकड ६०० किलोइतकी. वळणावर बाहेरच्या टायरवर ५०० आणि आतल्या टायरवर १०० किलो आले, आणि घर्षणांक अनुक्रमे ०.९ व १.०५ झाला असे धरले, तर एकूण पकड ४५० अधिक १०५, म्हणजे ५५५ किलो उरते. एकूण भार तोच, पकड मात्र कमी.

आता अँटी-रोल बारची ओळ पुन्हा वाचून पाहा. हा बार दोन चाकांना पिळाने बांधतो. पुढचा बार ताठ असेल तर वळणावर सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो, पुढची पकड आधी संपते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. तो थोडा मऊ केला की हा वाटा मागच्या चाकांकडे जातो आणि गाडी वळणात अधिक सहज शिरते. फार मऊ केला तर मागचा भाग घसरू लागतो. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढावर जशी एकामागून एक वळणे येतात तशा रस्त्यावर खेळात गाडी चालवणाऱ्याला, अपडेटनंतर गाडी वेगळी का वाटते आहे, याचे उत्तर अनेकदा या एका आकड्यात मिळेल.

जड वाहनांबाबत उसाच्या ट्रॉलीसारखे उदाहरण नाही. हंगामात कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उंच रचलेल्या ट्रॉल्या आपण सगळेच पाहतो. ट्रॉलीच्या दोन चाकांमधील अंतर १.६ मीटर आणि भारासकट गुरुत्वमध्याची उंची २ मीटर असे धरले, तर ती गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट आडव्या बलाला उलटते. कोरड्या डांबरावर टायरची पकड याहून जास्त असल्याने ट्रॉली घसरण्याआधी कलंडते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी ३९ किलोमीटरला येते. ऊस कमी रचून गुरुत्वमध्य दीड मीटरवर आणला तर ती ४५ पर्यंत जाते. हा हिशेब ट्रॉली पूर्ण ताठ आहे असे धरून केलेला आहे. खरी ट्रॉली वळणावर पाट्यांवर झुकते, टायर दबतात, रचलेला ऊस एका बाजूला सरकतो, आणि गुरुत्वमध्य आणखी बाहेर जातो. म्हणून खरी मर्यादा याहून खाली असते. बीमएनजीमध्ये हे झुकणे हिशेबात आपोआप येते, कारण पाटे, टायर आणि चॅसी सगळेच लवचिक आहेत. अशा ट्रेलरच्या भाराचे नोड काही सेंटिमीटर वर-खाली केल्याची नोंद असेल, तर त्या ट्रेलरची उलटण्याची मर्यादा बदललेली असते, आणि ट्रेलर चालवणाऱ्याने ती पहिल्या वळणाआधी वाचलेली बरी.

घाट उतरताना

ब्रेकच्या तापण्याचा हिशेबही हा खेळ ठेवतो, आणि त्यातला बदल सपाट रस्त्यावर कधीच कळत नाही. गगनबावड्याहून करूळ घाटाने किंवा आंबा घाटाने कोकणात उतरणाऱ्याला याचे महत्त्व माहीत असते. १२०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरली तर सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. चालकाने न्यूट्रलवर उतरत सगळा भार ब्रेकवर टाकला आणि डिस्क व ड्रम मिळून बिडाचे वजन २५ किलो धरले, तर उष्णता बाहेर पडत नाही असे गृहीत धरून तापमान सुमारे ३०० अंशांनी वाढते. प्रत्यक्षात वारा काही उष्णता घेऊन जातो, पण घाटात वेग कमी असल्यामुळे वाराही कमीच लागतो. ब्रेकचे लायनर एका तापमानापुढे तापले की त्यांचे घर्षण घटते, पेडल तितकेच दाबूनही गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये ठेवलेली गाडी हीच ऊर्जा इंजिनमध्ये जिरवते, आणि खेळातही तसेच होते.

त्यामुळे एखाद्या गाडीच्या ब्रेकचा थंड होण्याचा वेग बदलला या ओळीची परीक्षा सरळ रस्त्यावर एकदा ब्रेक मारून होत नाही. लांब उतार शोधावा लागतो, न्यूट्रलवर आणि मग दुसऱ्या गिअरवर असे दोनदा उतरावे लागते आणि खेळातच उपलब्ध असलेल्या छोट्या पटलावर तापमान पाहावे लागते.

धडकेच्या तपासणीबद्दल थोडक्यात. नोड हा बिंदू आणि बीम ही रेषा. नुसत्या रेषांना पृष्ठभाग नसतो. म्हणून तीन-तीन नोड धरून त्रिकोण आखलेले असतात आणि नोडची धडक या त्रिकोणांशी होते. एखादा त्रिकोण आखायचा राहून गेला, तर दुसऱ्या गाडीचा कोपरा दारातून आरपार जातो. दुरुस्ती म्हणजे तो त्रिकोण घालणे. आवाज, भाषांतरे, मेनू, आपोआप चालणाऱ्या गाड्यांचे वर्तन यांच्याही ओळी यादीत असतात. त्या वाचताक्षणी कळतात.

मॉड वापरणाऱ्यांसाठी

आपल्याकडचे खेळाडू मॉडवर, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवून दिलेल्या गाड्यांवर आणि भरींवर, विशेष प्रेम करतात, आणि छोट्या अपडेटनंतर बहुतेक तक्रारी त्यांतूनच उद्भवतात. मॉडमधली गाडी अनेकदा खेळातल्या मूळ गाडीचे भाग उसने घेते: तिचा ॲक्सल, तिचे इंजिन, तिची चाके. मूळ ॲक्सलच्या एका नोडचे वजन किंवा नाव बदलले की मॉडच्या गाडीत जोडणी चुकते, आणि काल नीट चालणारी गाडी आज जागेवरच थरथरते. दोष अपडेटचाही नसतो आणि मॉड करणाऱ्याचाही नसतो. दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असतात, इतकेच. अशा वेळी लाँचरमधून कॅश, म्हणजे साठून राहिलेल्या तात्पुरत्या फाइल, साफ करावी, मॉड बंद ठेवून म्हणजे सेफ मोडमध्ये खेळ सुरू करावा आणि मूळ गाडी त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. ती ठीक चालत असेल तर मॉड एकेक करून परत चालू करावेत. थेट सगळा खेळ काढून पुन्हा उतरवण्याची गरज क्वचितच पडते, आणि मोबाइलच्या डेटावर ते परवडणारेही नसते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना, विशेषतः खडबडीत रस्त्यावरची गाडी बांधण्याच्या बाहा या विद्यार्थी स्पर्धेसाठी स्वतः नळ्यांची चॅसी वेल्ड करणाऱ्यांना, यापुढेही जाता येईल. याच कंपनीची संशोधनासाठीची बीमएनजी टेक ही वेगळी आवृत्ती आहे आणि तिला पायथन भाषेतून सूचना देता येतात. स्वयंचलित वाहनांच्या चाचण्यांसाठी तिचा उपयोग होतो. पण शिकायला साधा खेळही पुरतो, कारण गाड्यांच्या फाइल उघड्या मजकुरात असतात. जेबीम या स्वरूपातली फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. नोडवेट म्हणजे किलोमधील वजन, बीमस्प्रिंग म्हणजे ताठपणा, बीमडँप म्हणजे अवमंदन, बीमडिफॉर्म म्हणजे वाकण्याची मर्यादा आणि बीमस्ट्रेंग्थ म्हणजे तुटण्याची. जिथे आकड्याऐवजी एफएलटी मॅक्स लिहिलेले असते तिथे मर्यादा जवळजवळ अनंत ठेवलेली आहे, म्हणजे तो बीम त्या प्रकारे निकामी होऊ नये असा हेतू आहे.

अपडेट उतरवण्यापूर्वी आपल्या आवडत्या गाडीच्या फाइलची प्रत दुसरीकडे काढून ठेवली, तर नंतर जुनी आणि नवी शेजारी ठेवून बदललेला आकडा शोधता येतो. वाचताना एक काळजी घ्यावी. जेबीममध्ये एकदा लिहिलेला ताठपणा किंवा वजन हे त्याखालच्या सर्व ओळींना लागू होते, पुढे तोच गुण नव्या आकड्यासह पुन्हा येईपर्यंत. त्यामुळे बदल एकाच ओळीत दिसला तरी तो किती बीमना लागू झाला हे पाहण्यासाठी तिथून खाली, तो गुण पुन्हा भेटेपर्यंतच्या सगळ्या ओळी मोजाव्या लागतात.